दोन तोळ्यांचा पेशंट

पेशंट रुमालात गुंडाळलेला होता आणि माझ्या हातात म्हशीची सुई. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात पाखरू कधी येत नाही. शेळ्या राखणाऱ्या गोदाबाईंना ते तळ्याकाठी सापडलं. जाळ्याचा नायलॉन दोरा पायात रुतला होता.

साहेब फोनवर म्हणाले, "वनविभागाला कळवा आणि मोकळ्या व्हा." कळवलं. वनरक्षक म्हणाले, उपचार करा, उडालं तर तिथंच सोडा.

औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि आमचा काटा बैलांचा. शेवटी शेजारच्या सराफाकडे नेलं. दोन तोळे भरलं. दोरा निघाला, पण एक बोट कापावं लागलं.

तो छोटा टिलवा होता, हिवाळ्यापुरता आपल्याकडे येणारा पाणथळीचा पक्षी. एप्रिल लागलेला. थवा आता कधीही निघणार होता, आणि हा मागे राहिला तर आपल्या उन्हात याचं कठीण होतं.

हे कुठलं पाखरू, गोदाबाईंनी विचारलं. मी टुंड्रा समजावला. पार उत्तरेचा मुलूख, झाड नाही, खालची जमीन बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो, दलदल होते, किडे उठतात. त्यावर यांची पिलं वाढतात.

"मंजी बाळंतपण तिकडं?"

"हो."

"मग ते माहेर झालं. आपलं गाव सासर."

आम्ही पुस्तकं वाचणारे याला पाहुणा म्हणत होतो. नर की मादी, हेही मला कळलं नव्हतं.

माझ्या बाजरीला टिलव्यानं चोच लावली नाही. गोदाबाईंनी अळ्यांसकट तळ्याचा चिखल आणला, तो मात्र खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोकं घेऊन तळ्यावर गेलो. थवा अजून होता.

"माहेरी समदं बरं हाय ना?" गोदाबाईंनी विचारलं.

पेशंटच्या माणसांशी मी खोटं बोलत नाही. तिकडे उष्मा वाढलाय, गोठलेली जमीन वितळायला लागलीय. किडे लवकर उठतात आणि पिलं अंड्यातून निघेपर्यंत सरत येतात.

"बरं नाही, मावशी."

त्यांनी एका बोटानं त्याची पाठ कुरवाळली. "अडचणीत हाय म्हणून माहेर सोडतंय का कुणी? जाऊ द्या तिला."

टिलवा लंगडत चार पावलं चालला, उडाला आणि थव्यात मिसळला. दोन दिवसांनी तळं रिकामं होतं.

केसपेपरवर मी 'बरा झाला' असं लिहिलं. पायापुरतं ते खरं आहे. बाकीचं औषध आमच्या दवाखान्यात मिळत नाही.