कोऱ्या दिसणाऱ्या सहा कॅसेट

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. नाशिकच्या एका कॉलेजात मी खरेदीचा कारकून होतो. खडू, डस्टर, बाकं, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. त्या जूनमध्ये एक मुलगी आईचा हात धरून टेबलासमोर येऊन उभी राहिली. सटाण्याकडच्या खेड्यातली. लहानपणी देवी आल्या, त्यात तिचे दोन्ही डोळे गेले होते. अंधशाळेत राहून मॅट्रिक आणि पुढचं शिकली होती. आता तिला इतिहास घेऊन बी. ए. करायचं होतं.

"भाऊसाहेब, प्राचार्यांनी तुमच्याकडं पाठवलं," ती म्हणाली. "मला टेपरेकॉर्डर पाहिजे. कॉलेजची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नाहीत. कुणी वाचून टेप करून दिलं, तर मी पुन्हा पुन्हा ऐकून अभ्यास करीन."

अर्जावर प्राचार्यांचा शेरा होता, 'नियमानुसार खरेदी करावी.' त्या नियमानुसारमध्ये दीड वर्ष गेलं.

खरेदी समितीत एका प्राध्यापकांनी विचारलं, "एका मुलीसाठी?" दुसरे म्हणाले, "टेपरेकॉर्डर म्हणजे करमणुकीची वस्तू. शैक्षणिक साहित्यात कशी बसवणार?" मी टिपण लिहिलं, ते वर गेलं, खुलासा मागत खाली आलं. मग तीन दुकानांची दरपत्रकं मागवली. एकाचं मुदतीनंतर आलं, म्हणून तिन्ही पुन्हा मागवली. तोवर ती होस्टेलवरच्या मैत्रिणीकडून पुस्तकं वाचून घ्यायची आणि जमेल तेवढं डोक्यात ठेवायची. पहिलं वर्ष तसंच पास झाली. पंधरा दिवसांनी एकदा ऑफिसात यायची. "आलं का?" "येईल, येईल." तिच्या काठीचा आवाज ओळखीचा झाला होता. तो आला की मी फाइलीत मान घालायचो. तिला दिसत नाही हे ठाऊक असूनही घालायचो.

यंत्र आलं ते सगळ्यात कमी दराचं. तिनं त्याच्यावरून बोटं फिरवली. "बटणं सगळी सारखीच आहेत हो. कुठलं कशाचं?" समितीत कुणीही तिला काही विचारलं नव्हतं. मीही नाही. मग मी आगकाडीचे तुकडे करून डिंकानं चिकटवले, एक तुकडा टेप करायच्या बटणावर, दोन ऐकायच्या. ती हसली. "तुम्ही तर ब्रेल शिकलात, भाऊसाहेब!"

कॉलेजची मालमत्ता होस्टेलवर न्यायची नाही, असा नियम. म्हणून यंत्र लायब्ररीतल्या कपाटात राहिलं आणि किल्ली माझ्याकडं. शनिवारी दुपारी मैत्रीण वाचायची, यंत्र फिरायचं. शेवटच्या वर्षाला दिवाळीनंतर मैत्रिणीचं लग्न ठरलं, मालेगावात. जायच्या आधी दोन आठवडे ती रोज येऊन वाचत बसली. घसा बसला तरी वाचत होती. सहा कॅसेट भरल्या. मुलीनं जाड कागदाच्या पट्ट्यांवर ठिपके टोचून प्रत्येकीवर चिकटवल्या आणि कॅसेट यंत्राशेजारी कपाटात ठेवल्या. कुठला विषय, कुठलं प्रकरण, सगळं त्या ठिपक्यांत होतं. डोळसाला ती नुसती कोरी पट्टी दिसायची. प्रत्येकीवर शाईनं एक ओळ लिहून ठेवावी, असं माझ्या मनात आलं होतं. मनातच राहिलं.

गॅदरिंगच्या दिवशी मी मांडवात खुर्च्या मोजून घेत होतो. कार्यक्रमाचे प्रमुख असलेले प्राध्यापक घाईघाईनं आले. "कपाटाची किल्ली द्या. गाणी टेप करायची आहेत." मी कनवटीची किल्ली काढून दिली. मान वर करूनही पाहिलं नाही. यंत्र पाहिजे असेल, एवढंच डोक्यात आलं.

सोमवारी ती लायब्ररीत आली. मी कपाट उघडून दिलं आणि दाराशी थांबलो. तिनं बोटांनी ठिपके वाचले, कॅसेट घातली, बटण दाबलं. पेटी वाजली, मुलांच्या शिट्ट्या, टाळ्या. तिला वाटलं, चुकीची कॅसेट लागली. तिनं पट्टी पुन्हा चाचपली. दुसरी लावली. त्यात कुणाची तरी नक्कल आणि हशा. तिसऱ्या कॅसेटच्या तिनं दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. मध्येच कुठं मैत्रिणीचा आवाज राहिला असेल, म्हणून. एका ठिकाणी अर्धं वाक्य निघालं, "आणि त्यामुळे रयतेला," मग पुन्हा टाळ्या. उरलेल्या तिन्हींत तेच.

प्राध्यापक खरंच हळहळले. "अहो, वर काहीच लिहिलेलं नव्हतं. मला कोऱ्या वाटल्या."

यंत्राबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती. ती मी तपासणीसाठी म्हणून खरेदीच्या फाइलीला टाचून ठेवली होती. त्या दुपारी ती पहिल्यांदा वाचली. कॅसेटच्या कडेचे दोन छोटे दात मोडून टाकले की तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही, असं पुस्तिकेत चित्रासकट दिलं होतं.

परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी वाचून देतो म्हणालो, आठ-दहा दिवस वाचलंही. पण ऑफिसची वेळ सांभाळून किती वाचणार? ती ऐकताना माझ्याकडं तोंड करून बसायची. दोन पेपर राहिले आणि ती गावी परतली. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरलाच नाही. मी पत्र पाठवलं. मग लक्षात आलं, ते तिला कोण वाचून दाखवणार?

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो. सटाण्याला उतरून पुढं दुसरी एस. टी. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "भाऊसाहेब?" आणि हात थांबले.

"मी सगळी पुस्तकं टेप करतो," मी म्हणालो. "रविवारी बसतो. तू फक्त फॉर्म भर."

"ते ऐकायला यंत्र लागंल ना? कॉलेजचं यंत्र इथं कसं येणार?"

नियम मीच तिला वाचून दाखवला होता.

आई पाणी घेऊन आली. "आते काय उपेग शे, भाऊ?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मुलीनं विचारलं, "माझ्यानंतर कुणी आलंय का तिथं? माझ्यासारखं?"

"नाही."

"मग बरं," ती म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

चहा आला, तो मी घेतला. परतीच्या गाडीला अजून तासभर होता, तरी उठून फाट्यावर जाऊन उभा राहिलो.