भोकर आणि भोकर रद्दी

आठवडाभर लातूरला क्लासचे कॉम्प्युटर सांभाळायचे आणि रविवारी एसटीनं नांदेडला येऊन ओळखीपाळखीच्यांच्या मशिनींची दुखणी काढायची, याचा मला तेव्हा अगदी वीट आला होता. त्या रविवारी फोटो स्टुडिओवाल्या चाचांनी बोलावलं. भोकरच्या एका लग्नाचे फोटो गायब झाले होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरीचे वडील गेले, अल्बमसाठी फोटो निवडायचे राहूनच गेले. आता ती नवरी स्वतः स्टुडिओतल्या बाकावर येऊन बसली होती. वडिलांचा धड फोटो घरात एकही नव्हता.

चाचांची रीत सरळ होती. चांगले फोटो 'भोकर' नावाच्या फोल्डरात. डोळे मिटलेले, हललेले 'भोकर रद्दी'त. रद्दी दर आठवड्याला आपोआप पुसली जावी म्हणून चाचांकडे आधी असलेल्या माणसानं एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून ठेवली होती. तो फोल्डरच्या नावात दोन शब्दांच्या मधे डॅश टाकायचा. तो पुण्याला गेला, आणि चाचा आपण बोलतो तशी नावं देऊ लागले, मधे जागा सोडून.

स्क्रिप्टला अशी मोकळी जागा दिसली की ती एका नावाची दोन नावं समजते. तिनं आधी 'भोकर' पुसलं, मग 'रद्दी' नावाचं फोल्डर शोधलं, ते नव्हतंच. म्हणजे रद्दी जागच्या जागी राहिली. बाकीच्या लग्नांचे फोटो आठवड्याच्या आत छापून जायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

स्क्रिप्टमधल्या नावाभोवती अवतरणचिन्हं टाकली की काम झालं. ती मी लगेच टाकली. पुसलेलं परत आणण्यात मात्र दुपार गेली. डिस्कवर त्याच जागी नंतरची लग्नं चढली होती, काही हाती लागलं नाही. मला तिच्याकडे बघवेना.

"बेटा, आता नुसती रद्दी हाय," चाचा तिला म्हणाले.

तिनं तीच दाखवायला सांगितली. मिटलेले डोळे, कापलेली डोकी, कुणाचा तरी हात. एका फोटोत पाठवणीची गाडी निघाली होती आणि मागं तिचे वडील तोंड फिरवून टॉवेलनं डोळे पुसत होते. चेहरा दिसत नाही म्हणून चाचांनी तो रद्दीत टाकलेला.

तिनं त्या फोटोवर बोट ठेवलं.

"मला वाटून राह्यलं होतं, बाबा रडलेच न्हाईत," ती म्हणाली. "हाच मोठा करून द्या."