न उचललेला वाटा

बेट सोडलं तेव्हा ओहोटी होती. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बाबा गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत आले. आई दारातच थांबली. "येळेवर जेवत जा," एवढंच म्हणाली. रत्नागिरीकडच्या खाडीतलं आमचं बेट इतकं लहान, की एका घरात फोडणी पडली की सगळ्यांना ठसका लागायचा.

कुवेतला नर्स म्हणून आले. सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, झालं, खैतानमध्ये फ्लॅट झाला, लेक इथंच जन्मली आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. बेटावरच्यांना वाटतं, मी फार लांब आले. मोराग भेटेपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

मोराग आमच्या क्लिनिकमधली सीनियर सिस्टर, स्कॉटलंडची. तिची आजी तिकडच्या एका आडबाजूच्या बेटावर वाढली. तिथं औषधालाही झाड नव्हतं. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून छपरांना दोरांनी दगड बांधलेले असत. पुरुष दोराला लोंबकळून कड्यावरचे समुद्रपक्षी धरायचे. मग सगळी शिकार एकत्र टाकून घरागणिक वाटे घालायचे, विधवेच्या घरचा आधी. ऐकता ऐकता माझा चहा निवून गेला. आमच्याकडंही मासळीची होडी आली की घरटी वाटे पडतात, आणि विधवेचा आधीच. ना भाषा एक, ना देव एक, ना समुद्र एक. तरी दोन्हीकडं हे कुणी शिकवलं असेल? मी अजूनही थक्क होते.

बाबा गेल्यावर आईला इकडं आणलं. तिला कायमची ठेवून घ्यायची, हा माझा हट्ट. काही दिवसांतच तिनं आख्खा हामूर मासा आणवला, कापला आणि मजल्यावरच्या प्रत्येक दाराचा वाटा घातला. लेक लाजत लाजत ताटल्या पोचवून आली. मल्याळी शेजारीण, इजिप्तचे मास्तर, सगळेच चक्रावले. समोरच्या बंद फ्लॅटचा वाटा आईनं फ्रीजरमध्ये ठेवला. "मानूस आज नाय, पन घर हाय ना?"

जेवताना ती म्हणाली, "तिकडं आपला वाटा पडत असंल. कोन उचलील? मला जाऊ दे." मी चिडलेच. माशाच्या चार तुकड्यांसाठी म्हातारपणी एकटं राहायचं?

मोरागला सांगितलं, तर तिनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, आजीच्या बेटावरून माणसं हळूहळू निघून गेली. एका संध्याकाळी एक वाटा किनाऱ्यावर तसाच पडून राहिला. तो पाहून आजीच्या आईनं सामान बांधायला घेतलं. आता तिथं नुसते पक्षी आहेत.

मी आईचं तिकीट काढलं. विमानतळावर मला रडू आवरेना, आणि ती माहेरी निघाल्यासारखी खूश.

परवा फोनवर विचारलं, "मिळतो का गं वाटा?"

"दोन मिळतात. येक माजा, येक तुजा. तुजा नको म्हनले तर होडीवाले रागावले. म्हनाले, ती काय कायमची गेलीय?"

इथं राहायचं तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा पुन्हा नवा करून घ्यावा लागतो. तिथं मी काही मागितलेलं नाही, तरी माझा वाटा पडतो आहे. त्याला मी घर म्हणते.