फुकट कारकुनाचा हिवताप

हल्ली आमच्या पुतण्यांपैकी कोणाची नोकरी गेली, की तो माझ्या ओटीवर येऊन बसतो आणि विचारतो, "काका, दुसरी मिळवायची कशी?" मी सारा जन्म कचेरीत काढला, तेव्हा मला काही युक्ती ठाऊक असणार, असा बिचाऱ्यांचा समज. मी गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "आधी ताप आणावा." आतून आमच्या घरच्या मंडळींचं हसू ऐकू येतं, आणि पुतण्याला वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

हकीकत अशी. मी ठाण्याला खाडीकाठच्या एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहीत असे. वखारीचे मालक वारले, मुलांनी धंदा मोडला, आणि मी घरी बसलो. घरी म्हणजे कोपरीला थोरल्या भावाकडे. बायको पहिल्या बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेली होती. मुलगी झाली, बारसं झालं, पाठवणीची वेळ आली, आणि नेमका तेव्हाच मी रिकामा. सासरे भला माणूस, वाकडा शब्द बोलले नाहीत. इतकंच म्हणाले, "जावईबापू, नोकरी लागू द्या, बिऱ्हाड मांडा, मग लेकीला नि नातीला मी स्वतः पोहोचवतो." पुढे त्या दोघी माझ्या घरी कधी येतात, एवढा एकच प्रश्न मला होता.

आधी मी अर्जांचा सपाटा लावला. रेल्वेसाठी एक फर्डा इंग्रजी अर्ज तयार करून तोच सगळीकडे उतरवून धाडायचा, ही माझी अक्कल. त्यामुळे मिठाच्या खात्यातल्या साहेबाला मी कळवलं, की लहानपणापासून मला इंजिनाची अनावर ओढ आहे. उत्तर आलं नाही. साहेब सभ्य असावा.

मग भाऊ म्हणाला, "कचेरीत उमेदवारी कर." तेव्हाची रीत अशी, की जागा हवी त्यानं कचेरीत जाऊन बसावं, पगाराशिवाय काम करावं, शिरस्तेदारांच्या नजरेत भरावं, आणि जागा रिकामी झाली की ती आपल्याला मिळेल म्हणून वाट पाहावी. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून. साहेब सही करी ती त्यांनी बोट ठेवलं त्या जागी. मी पगडी घातली आणि जाऊन बसलो.

नजरेत भरायचं म्हणून मी जे काम करत सुटलो, ते आठवलं की आजही हात दुखतो. एका कारकुनाचं अक्षर वाईट, त्याच्या नकला मी करी. दुसऱ्याला दुपारी डुलकी लागे, त्याच्या बेरजा मी करी. दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, कोणाला सापडत नसत, म्हणून मी ते सगळे सोडून माझ्या पद्धतीनं पुन्हा बांधले. गाठ उजवीकडे असली तर जमिनीचे कागद, डावीकडे असली तर तंट्याचे, आणि दुहेरी असली तर साहेबानं विसरावेत असे. मग ज्याला त्याला "तो उमेदवार कुठंय?" मीच हवा. मला वाटे, झालं, आता जागा आलीच!

जागा आलीही. एक कारकून पेन्शनीत गेले. त्यांचं सगळं काम माझ्याकडे आलं, खुर्ची मात्र आली नाही. शिरस्तेदार मायेनं म्हणाले, "थोडं थांबा. तुमच्यासारखा माणूस आम्हांला सोडायचाच नाहीये." मी तेव्हा हे कौतुक समजलो.

दर रविवारी आगगाडीनं कल्याणला जाई. जावयानं वरचेवर जाऊ नये म्हणतात ते खरंच आहे. पहिल्या रविवारी मला पाटाभोवती रांगोळी होती. पुढे नुसता पाट राहिला. पुढे सासरे झोपाळ्यावरून "या, बसा" म्हणत आणि कुठे ते मी शोधून काढी. मुलगी मला ओळखत नसे. पगडी दिसली की भोकाड पसरी. माझ्यापेक्षा गोठ्यातला बैल बरा, त्याच्याकडे बघून ती हसे.

बायकोशी बोलायची सोय नव्हती. वडिलांच्या देखत नवऱ्याशी बोलणं म्हणजे अगदीच अमर्याद. पण मूल झाल्यापासून तिला वाट सापडली होती. ती मुलीला मांडीवर घेई आणि मला सांगायचं ते तिला सांगे. "बाळ, विचार तुझ्या बाबांना, इतके का गं वाळले?" मीही मग मुलीकडे बघून म्हणे, "सांग तुझ्या आईला, काम फार आहे." मुलगी दोघांच्या मध्ये स्वतःची मूठ चोखत बसे.

घरात सगळं बघे ती सासऱ्यांची विधवा बहीण, आत्याबाई. एका रविवारी त्या शहाडला भाचीकडे गेल्या होत्या. सासरे झोपाळ्यावर होते. मी कचेरीतलं कौतुक सांगून संपवलं, तशी बायको मुलीला थोपटत म्हणाली,

"बाळ, तुला गंमत सांगते. आपली आत्या पहाटेपासून राबते, पण तू कधी जेवलीस असं तिला कोणी विचारत नाही. आता ती शहाडला गेली, तर घरात मीठ सापडत नाहीये. आजोबा तीनदा दारात जाऊन बघून आले, आत्या येते का म्हणून."

"दोनदा," सासरे झोपाळ्यावरून म्हणाले.

"दोनदा. तर बाळ, तुझ्या बाबांनाही म्हणावं, जरा शहाडला जाऊन या."

मी इतका हुशार, की म्हणालो, "शहाडला माझं कोण आहे?"

तिनं मुलीच्या कानाशी तोंड नेलं, पण आवाज मला ऐकू येईल इतका ठेवला. "बाळ, तू तरी आईवर जा."

गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्याच दिवशी भावाकरवी कचेरीत निरोप पाठवला, की हिवताप आलाय, सासुरवाडीला नेताहेत. आणि मी कल्याणला जाऊन अंथरुणावर पडलो.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघं विसरलो. आत्याबाई शहाडहून परत आल्या होत्या, आणि त्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "अंगात मुरलाय ताप. बाहेर नाही दिसत, तो वाईट." त्यांनी किराइताचा काढा उकळला आणि मला लंघन घातलं. सकाळी काढा, दुपारी भाताची पेज, संध्याकाळी पुन्हा काढा. घरात वालाचं बिरडं शिजत होतं, खोबरं भाजल्याचा वास माझ्या उशाशी येऊन बसत होता, आणि मी पेजेच्या वाटीत स्वतःचं तोंड बघत होतो. आत्याबाई निजायच्या आधी माझे पाय चेपत. खऱ्या आजारात माझी इतकी काळजी कोणी घेतली नव्हती. त्यामुळे खरं सांगायची सोयही उरली नाही.

बायको मुलीला म्हणे, "बाबांना सांग, सोसा अजून थोडं." आणि पदर तोंडाला लावून निघून जाई.

शेवटी एका दुपारी सगळे पडले होते, तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरलो. बिरड्याचं पातेलं काढलं, शिळा भात घेतला आणि मागच्या पडवीत गोठ्याकडे तोंड करून बसलो. बैल बघत होता. त्याला मी ओळखीचा वाटलो असेन. तेवढ्यात ओटीवर आवाज आला, "इथं आमचे उमेदवार आजारी आहेत ना?"

शिरस्तेदार! ठाण्याहून स्वतः!

सासरे म्हणत होते, "या, या. फार अशक्त झालेत हो. मान धरवत नाही." आणि ते त्यांना घेऊन माझ्या खोलीत गेले. अंथरूण रिकामं. मी घाईनं हात धुतले, घोंगडी पांघरली, आणि भिंतीला धरत धरत, जमेल तितका कण्हत आत गेलो.

सासरे माझ्याकडे बघत राहिले. आत्याबाई पुढे झाल्या, वाकून बघितलं आणि मागे सरल्या. बायकोनं मुलीला उचललं.

"बाळ, बाबांना म्हणावं, मिशी पुसा. वाल लागलाय."

आधी हसले ते शिरस्तेदार. ते इतके हसले, की त्यांनाच धरून बसवावं लागलं. मग त्यांनी काखेतली पुडी काढली. ठाण्याच्या वैद्याकडून माझ्यासाठी खास औषध बांधून आणलं होतं. ती पुडी बघून मात्र माझी मान खरोखरच धरवेना.

"मुलुखाची जमाबंदी अडली आहे, शेतसाऱ्याचा हिशेब लागत नाही," ते म्हणाले. "तुमच्या त्या गाठी कोणाला सुटत नाहीत. साहेबानं मला विचारलं, हा माणूस कोण, कोणत्या जागेवर आहे? मी म्हणालो, कोणत्याच नाही. साहेब माझ्याकडे बघत राहिला." त्यांनी पुडी माझ्या हातात ठेवली. "तुम्हांला जागा दिली तर बाकीच्यांची कामं कोण करणार, अशी भीती होती मला. चूक झाली. परवा या. खुर्ची ठेवतो."

"आणि बाकीच्यांची कामं?" मी विचारलं.

"ती तुम्ही करू नका. केलीत, तर मीच तुम्हांला ताप आणीन."

ते गेल्यावर आत्याबाईंनी काढ्याचं भांडं घासायला टाकलं. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, आणि बिरडं वाढता वाढता म्हणाल्या, "खोटा म्हणून काय झालं, ताप तो ताप. आणखी घ्या." तेव्हा बायको आतून म्हणाली, "आत्या, तूही बस ना गं आता. केव्हाची उभी आहेस." सासऱ्यांनी उठून स्वतः बहिणीसाठी पाट मांडला. या घरात ते पहिल्यांदाच घडत असावं, कारण आत्याबाईंना बसायचं कसं हेच क्षणभर कळेना.

चांगला दिवस बघून सासरे दोघींना घेऊन आले. टेंभी नाक्याजवळ मी एक खोली घेतली होती. सासरे चहा घेऊन परत गेले, आणि जन्मात पहिल्यांदा आम्ही तिघंच उरलो. मी पगडी खाली ठेवली. मुलगी रांगत आली, तिनं पगडीला हात लावून बघितला, आणि रडायच्या ऐवजी ती चावायला घेतली.

चुलीपाशी बायको पाठमोरी होती. "बाळ," ती म्हणाली, "विचार तुझ्या बाबांना, भात वाढू का?"

"अगं, इथं कोणी नाही," मी म्हणालो. "मलाच विचार."

तिनं दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि लाजून पुन्हा चुलीकडे वळली.

"बाळ, त्यांना सांग, आजच्या दिवस राहू द्या."