माथेरानवर उगवलेला सूर्य

सूर्योदयाचा फोटो काढायला आलेल्या माणसाला सूर्याकडे पाठ करून उभं करायचं, आणि तो कुरकुरला की "त्यो मागंच हाय, पळून नाय चालला" असं वर ऐकवायचं, हे आमच्या भागात एकच बाई करते. तिचं नाव अमिरुन्निसा. वय बासष्ट, राहणार दहिवली. सगळे तिला चाची म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मी दत्ता, कडावचा. माझी इको गाडी आहे. चाचीच्या पाहुण्यांना कर्जत स्टेशनवरून उचलून पहाटे कडावच्या मागच्या कातळापर्यंत पोचवायचं काम मी गेली सहा वर्षं करतो. या सहा वर्षांत तिनं माझं एकदाही ऐकलेलं नाही.

पाठ करून का, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही तिला वेडी म्हणाल. आमच्या पूर्वेला भीमाशंकरच्या रांगेची भिंत उभी आहे. ती चढून सूर्याला आमच्यापर्यंत यायला मोबाईलमधल्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. मुंबईचे पाहुणे मोबाईल बघून येतात. सात दहा म्हणजे सात दहा. सव्वासातला "ढग आहेत वाटतं" म्हणत ते तोंडं पाडून बॅगा भरायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या पाठीमागे सगळं चाललेलं असतं. पहिलं ऊन आमच्या डोक्यावरून थेट पश्चिमेला जाऊन माथेरानच्या कड्यावर पडतं. आधी फक्त वरची कड तांबूस होते. मग उजेडाची रेघ कड्यावरून हळूहळू खाली उतरत येते आणि आपण मात्र अजून गार सावलीत उभे असतो. दहा-बारा मिनिटांचा खेळ. माझा जन्म कडावचा, पण चाचीनं मान धरून फिरवेपर्यंत मी तो कधी धड पाहिला नव्हता.

तिचा नवरा अबूबकर याचा दहिवलीत फोटो स्टुडिओ होता. 'अनम फोटो स्टुडिओ', मुलीच्या नावानं. मुलगी आता लग्न होऊन खालापूरला असते. चाची कॅमेऱ्याला हात लावायला शिकली ती निकाहांमुळे. बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला चालत नाही, म्हणून अबूबकरनं बायकोच्या हातात कॅमेरा दिला आणि स्वतः पुरुषांकडे जाऊन उभा राहिला. लोक म्हणत, आतले फोटो बाहेरच्यांपेक्षा चांगले येतात. अबूबकर हसून मान्य करायचा. बारा वर्षांपूर्वी तो गेला. दिरानं आणि दोन-चार वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आता शटर कायमचं खाली घ्या, बाईमाणसानं बाजारात कुठं बसायचं? चाचीनं नवऱ्यामागे घरात बसून काढायची चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळली आणि ती संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शटर वर केलं.

पण मोबाईलपुढे शटर काय करणार? पासपोर्ट फोटोलाही माणूस येईना. तेव्हा ती फिरायला येणाऱ्यांना पहाटे कातळावर न्यायला लागली. अंगावर शाल, दुपट्टा करकचून बांधलेला, पायात मुलीचे जुने बूट, खांद्यावर स्टँड. बाई परक्या पुरुषांबरोबर अंधारात डोंगरावर जाते अशी कुजबुज झाली. तिनं एका कुजबुज्याला भर बाजारात विचारलं, "तू पन ये. बग तरी काय करतो आमी." तो आला नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. स्टुडिओची निम्मी जागा दिराच्या नावावर. दिराचा मुलगा तालिब, सत्तावीस वर्षांचा, मोबाईल दुरुस्तीचं शिकून आलेला. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला तिथे मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. तो वर्षभर चाचीसमोर विषय काढायचा आणि चाची वर्षभर विषय बदलायची.

तेवढ्यात योगेंद्र नावाच्या हॉटेलवाल्यानं एक टूम काढली. हा मूळचा पुण्याचा, इथे येऊन दहा वर्षं झाली. तो युरोपात फिरून आला होता, अल्बेनिया नावाच्या देशात. डोंगरच डोंगर आहेत म्हणे. तिथे त्याला एक पुस्तिका मिळाली, प्रवाशांनी सूर्योदयाचे फोटो कुठून काढावेत त्याची. झालं, कर्जत-खालापूरच्या दहा जागांची तशीच पुस्तिका काढायची असं त्यानं ठरवलं आणि इथल्या फोटोवाल्यांकडून फोटो मागवले. चाचीला त्यानं नमुना म्हणून ती परदेशी पुस्तिका दिली. ती माझ्या गाडीत बसून अर्धा तास बघत होती. एका पानावर डोंगराच्या कुशीतलं गाव होतं आणि मध्ये मशिदीचा बारीक मिनार.

"आपल्यासारकीच मानसं ऱ्हातात की रं तिकडं," ती म्हणाली. मग आणखी एका पानावर बोट ठेवलं. तळं, पलीकडे तांबडा डोंगर, सूर्य कुठेच नाही. "ह्यो बग. ह्या बाबानं सूर्याकडं पाठ केली. शाना हाय."

त्याच संध्याकाळी घरी सगळे जेवायला जमले असताना तिनं दिराला आणि तालिबला सांगून टाकलं, "माजा कातळाचा फोटो त्या पुस्तकात लागला तर पुन्हा दुकानाचं नाव काढायचं नाय. नाय लागला तर चाव्या घिऊन जा." दीर लगेच हो म्हणाला. तालिब ताटात बघत बसला.

मला कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. "चाची, चांगलं चाललंय त्यात कशाला पैज लावायची?"

"मंग काय जलमभर टाळत बसू? एकदाच काय त्यो निकाल लागू दे."

जानेवारीत तीन पहाटे आम्ही गेलो. पहिल्या दिवशी धुकं, दुसऱ्या दिवशी कुणीतरी शेतात पाला पेटवला होता त्याचा धूर. तिसऱ्या दिवशी असली थंडी होती की मी गाडीतून उतरलोच नाही, काच खाली करून बघत होतो. रेघ कड्याच्या निम्म्यावर आली तेव्हा चाचीनं फोटो घेतला. वर उजळलेला कडा, खाली निळसर सावलीत कडावची शेतं, एका घरातून निघालेला चुलीचा धूर. मी रोज तिथून जातो, पण तो फोटो पाहिला आणि मला गावाचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

योगेंद्रनं हॉटेलच्या ऑफिसात बसून तो फोटो पाहिला. जागा बघायला तो एकदाही आला नव्हता. म्हणाला, "फोटो सुंदर आहे, पण यात सूर्य कुठे आहे?"

"सूर्य माज्या मागं हाय. त्याचं ऊन हाय की समोर."

"अहो, सूर्योदयाच्या पुस्तिकेत सूर्य नको का?"

चाचीनं त्याचीच परदेशी पुस्तिका उघडून त्याच्यापुढे धरली. "ह्यात कुटं हाय?"

"त्यात तळं आहे ना!" योगेंद्र म्हणाला. या उत्तराचा अर्थ मला आजही लागलेला नाही. शेवटी त्यानं सांगितलं की सोमवारपर्यंत सूर्य असलेला फोटो पाठवा, तर घेतो.

हे ऐकून तालिब रात्रीचा घरी आला. "चाची, फोटो माज्या मोबाईलवर हायच, दोन मिनिटांचं काम हाय. सूर्य टाकून देतो. तुमी नायतरी लोकांना कोट-टाय चिकटवतच होता की."

ते खरं होतं. स्टुडिओत कोट-टाय चिकटवून कितीतरी जणांना साहेब केलं होतं तिनं. मेलेल्या नवऱ्याचा फोटो बायकोशेजारी जोडून द्यायचीही कामं केली होती. ती खवळून उठली. "त्यो नवरा एकदा तरी बसला व्हता रं तिच्या बाजूला! माथेरानवर सूर्य कदी उगवलाय? मावळतो तिकडं! ज्याला दिसतं त्याला दिसतं, नायतर ऱ्हाऊ दे."

सोमवार गेला. चाचीनं काही पाठवलं नाही. चाव्यांचा जुडगा तर तिनं आदल्या दिवशीच गळ्यातल्या दोऱ्यातून सोडवून उशाशी ठेवला होता, दिराकडे द्यायला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पुस्तक छापून आलं की देईन. कुनी म्हनायला नको घाई केली." आवाज नेहमीचाच होता, पण गाडीत ती पहिल्यांदाच मागे बसली.

आणि महिन्यानं पुस्तिका आली. मुखपृष्ठावर चाचीचा कडा, चाचीची शेतं, चाचीचा तो चुलीचा धूर. आणि माथेरानच्या बरोबर वर नारिंगी, वाटोळा, भाकरीएवढा सूर्य. वर लिहिलेलं, 'कडावचा सूर्योदय'. खाली, 'छायाचित्र: अमिरुन्निसा'.

सगळं कर्जत हसलं. हसणारच. माथेरानकडे सूर्य मावळतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त योगेंद्रला, कारण सूर्योदयाची पुस्तिका काढणारा हा गृहस्थ दहा वर्षांत दहाच्या आत कधी उठलेला नाही. भाजीवाला चाचीला म्हणाला, "काय चाची, आता माथेरानावर उगवतो का दिवस?" तिनं घेतलेली भाजी परत ठेवली.

मला घेऊन ती सरळ हॉटेलवर गेली. योगेंद्र म्हणाला, तुमच्या पुतण्यानंच तर तुमच्या नावानं पाठवला, आणि लोकांना फार आवडलाय, दुरुस्ती पुढच्या वर्षी बघू. चाची वाद घालत बसली नाही. काउंटरवर पुस्तिकांचा गठ्ठा होता. तिनं पर्समधून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं. पूर्वी निगेटिव्हवरचे डाग ती असल्याच ब्लेडनं खरवडायची. तिथेच खुर्ची ओढून बसली आणि एकेका मुखपृष्ठावरचा सूर्य खरवडायला लागली. मॅनेजर हात जोडतोय, पाहुणे मोबाईलवर शूटिंग करतायत, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालंय, आणि ही शांतपणे सूर्य काढतेय. चौतीस झाले तेव्हा योगेंद्रनं उरलेला गठ्ठा उचलून आत नेला.

तिथून दहिवलीला, दिराच्या घरी. तालिब दारातच उभा होता. लपला नाही, एवढं कौतुक करायला हवं.

"तू पाठवलंस?"

"हो."

"दुकान तुला भेटत व्हतं रं. मंग कशाला पाठवलंस?"

तालिब म्हणाला, "तुमी त्या चाव्या दोऱ्यातनं सोडवल्या ना, ते मी बगितलं, चाची. त्या हातात घिऊन मला झोप लागली नसती. वाटलं, फोटो लागंल, दुकान तुमाला ऱ्हाईल, संपलं."

मला वाटलं, आता तरी ही विरघळेल. मी असतो तर विरघळलो असतो. चाचीचे डोळे भरले, पण मान ताठच. "तू मला जिंकवलंस? मला? माज्या नावाखाली खोटा सूर्य लावून?" तिनं पर्समधून जुडगा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली. "माजा फोटो लागला तर, असं बोलले व्हते मी. लागला त्यो माजा नाय. दुकान घे. आनि नीट चालव, बंद पाडलंस तर तंगडी तोडीन."

परतीच्या वाटेवर मी तिला खूप बोललो. म्हटलं, पोरानं जीव लावून केलं, कुणाला कळणारही नव्हतं, एवढा ताठा काय कामाचा? मला तिचा मनापासून राग आला होता. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळ्या कर्जतला कळलं की रं." दुसऱ्या दिवशी ती 'अनम फोटो स्टुडिओ'ची पाटी घेऊन आली आणि माझ्या गाडीच्या टपावर तारेनं बांधली. गाडी माझी, हप्ता माझा, पण मला विचारलं कुणी?

दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. चाची तिथे जाते, चहा पिते, काउंटरवर धूळ आहे म्हणून तालिबला झापते. आणि त्या पुस्तिकेनं एक गंमत करून ठेवली आहे. परवा पहाटे नाशिकचं एक कुटुंब आणलं. कातळावर पोचल्याबरोबर सगळे न सांगता माथेरानकडे तोंड करून रांगेत उभे राहिले. सहा वर्षं चाचीनं ज्यासाठी घसा फोडला, ते आपसूक झालं होतं. फक्त ती मंडळी तिथून सूर्य वर यायची वाट बघत होती. मी हळूच म्हटलं, "चाची, गप ऱ्हावा. बरोबर बाजूला तर बघतायत."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

"ओ पावनं," ती मोठ्यानं म्हणाली, "तिकडं सूर्य उगवत नाय. पुस्तकात खोटं छापलंय. पन तोंडं फिरवू नका, आता बगा."

आणि रेघ उतरायला लागली. त्यातल्या आजोबांनी हातातला मोबाईल खिशात घातला. ऊन पायथ्याला पोचल्यावर त्यांच्या सुनेनं पुस्तिका उघडली, नाव वाचलं आणि जरा चाचरत विचारलं, "मग हा फोटो तुम्हीच काढलाय ना?"

"डोंगुर मी काढलाय," चाची स्टँड खांद्यावर घेत म्हणाली. "सूर्य माज्या पुतन्यानं डकवलाय. दहिवलीला दुकान हाय त्याचं. मोबाईल बिघडला तर जावा, हात चांगला हाय पोराचा."