तीन शिट्ट्या आणि एक नाव

कर्जतच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा अण्णांनी माझी पेटी वर चढवली आणि आईने खिडकीतून लाडवांचा डबा दिला. आम्हाला गावातून टेम्पोने आणणारे दगडूकाका मागे उभे होते. "पुन्यात गेल्यावर वळख ठेव बरं का," ते हसत म्हणाले. गाडी हलताना जवळ येऊन हळूच बोलले, "इतिहास शिकाया चाललीस न्हवं? आमच्या आज्ज्याचं बी लिव कुठंतरी." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मी ते विसरूनही गेले.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांना आपल्या तीन शिट्ट्या माहीत आहेत. बेचाळीसच्या चळवळीत माझा आज्जा भूमिगत होता. त्याच्या टोळीने गावची चावडी पेटवली, पण आधी तीनदा शिट्टी मारून आतल्यांना बाहेर यायचा इशारा दिला. म्हणून पंधरा ऑगस्टला शाळेतल्या झेंडावंदनानंतर आमच्या घरातलं कुणीतरी त्याच पितळी शिट्टीने तीन शिट्ट्या मारतं. चावडीची राखण करणारा जागल्या आत मेला, हे आपण जाता जाता सांगतो. "शिट्टी मारली हुती की. न्हाई आला भाईर, त्याला आज्जा काय करील?" हे अण्णांचं नेहमीचं वाक्य. तो जागल्या म्हणजे दगडूकाकांचा आज्जा.

पुण्यात हॉस्टेल, मेस, असाइनमेंट यांची सवय झाली. दुसऱ्या वर्षी सेमिनारला मला विषय मिळाला: इंग्रजांच्या अमलातल्या पॅलेस्टाईनमध्ये स्वतःच्या राष्ट्रासाठी लढणाऱ्या ज्यूंच्या भूमिगत सशस्त्र संघटना. सुरुवातीला मी पूर्ण त्यांच्या बाजूने होते. ज्यांची माणसं युरोपात लाखोंनी मारली गेली, जीव वाचवून आलेल्यांची जहाजंही परत फिरवली गेली, त्यांनी हत्यार उचललं तर आपण कोण बोलणार? पण त्यांच्यातही एकमत नव्हतं. काही म्हणत, फक्त वस्त्यांचं रक्षण करू. काही सरकारी इमारती उडवत. काहींनी अरबांच्या गर्दीच्या बाजारात बॉम्ब ठेवले, ते तर मला चूकच वाटलं. मी अडले ती त्यांच्यातल्या एका संघटनेने उडवलेल्या सरकारी इमारतीपाशी. स्फोटाआधी फोन करून इशारा दिला होता, असं ती संघटना सांगत राहिली. आत कारकून, टायपिस्ट मेले. अरब, इंग्रज आणि ज्यूसुद्धा. इशारा दिला होता, मग दोष कुणाचा? वाचताना मला अण्णांचाच आवाज ऐकू आला.

मी दगडूकाकांना फोन लावला. "काका, त्यांना शिट्टी ऐकू आली नव्हती का?"

"आली की. आजी सांगायची, त्यो दाराशी आला आन दप्तर काढाया पुन्हा आत गेला. गावचं दप्तर जळालं आस्तं तर फौजदारानं त्यालाच धरलं आस्तं. राखण त्याची हुती न्हवं?"

"नाव काय त्यांचं?"

"भिवा. लई वर्सांनी इचारलं कुनी."

सेमिनारमध्ये मी अडखळत, पण ठामपणे बोलले. देश मागणं न्याय्य असू शकतं, हत्यार उचलायची वेळही येऊ शकते. पण इशारा दिला म्हणून जबाबदारी संपत नाही. आतला माणूस का थांबला, हे विचारावं लागतं. आणि त्याचं नाव, ज्यांनी आग लावली त्यांच्या घराने घ्यावं लागतं.

वर्गात हे सोपं होतं. यंदा शिट्टी माझ्या हातात येणार होती. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी गावी येऊन अण्णांना मनातलं सांगितलं तर म्हणाले, "माझ्या बापाच्या तोंडाला काळं फासतीस व्हय?"

"नाही अण्णा. आज्जा शूरच होता. मी फक्त भिवाबांचं नाव घेणार." अण्णा उठून गोठ्यात गेले.

शिट्ट्यांच्या वेळी दगडूकाका दरवर्षी टेम्पो वळवायचं निमित्त करून निघून जातात. यंदाही निघाले होते. मी म्हणाले, "चावडी राखताना भिवा आत मेले. ती आग माझ्या आज्ज्याच्या टोळीने लावली होती." मग तीन शिट्ट्या मारल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. काका मात्र शाळेच्या फाटकापाशी थांबले होते.

पूर्वी घर म्हणजे मला मैत्रिणींना अभिमानाने सांगायची गोष्ट होती. आता जिथे खरं बोलूनही मला परत जाता येतं, ते घर. परत निघताना टेम्पोत अण्णा आणि काका पुढे शेजारी बसले आणि कर्जतपर्यंत बाजरीबद्दल बोलत राहिले. स्टँडवर पेटी चढवून झाल्यावर अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "फुडल्या वर्साला नाव मी घेतो. तुझा आवाज मागंपातुर येत न्हाई."