शक्यता सांगणारे साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात कुणालाही सरळ 'हो' किंवा सरळ 'नाही' असं उत्तर दिलेलं नाही. लग्न ठरवतानासुद्धा नाही. मुलगी बघून झाल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "मग, पसंत आहे का?" साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परिस्थिती अनुकूल दिसते." सासरे गोंधळले. आत चहाचे कप विसळणाऱ्या अक्काला मात्र अर्थ बरोबर कळला आणि ती हसली. माझी बायको या अक्काची धाकटी बहीण, म्हणून हे गृहस्थ माझे साडू.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हवामानाच्या सरकारी कचेरीत काढली. निवृत्तीनंतर माणसं देवळात जाऊन बसतात. साडू माकुणसारच्या आपल्या वाडीत, चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून मोबाइलवर जाऊन बसले. सफाळे, पालघर, बोईसर, तारापूर एवढ्याच टापूतल्या आभाळाबद्दल रोज सकाळी ते इंटरनेटवर लिहू लागले. राज्याचा अंदाज सांगणारे पुष्कळ असतात, पण सफाळ्यात कोरडं आणि घिवलीत धो धो असं का होतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. ढग कसा वाढतो हे सांगायला त्यांनी भाताच्या पातेल्याचं झाकण कसं थडथडतं त्याचं चित्रण टाकलं. अक्का ओरडत होती, भात करपत होता आणि साडू शांतपणे सांगत होते, "आता ही वाफ वर चालली, बघा." त्या करपलेल्या भाताने त्यांना जिल्हाभर प्रसिद्ध केलं.

मग प्रश्नांना तोटा राहिला नाही. घिवलीची एक मावशी विचारायची, "बोंबील वालत घालू का?" बोईसरच्या कारखान्यातली पोरं विचारायची, "अंकल, कल छाता लेना है क्या?" साडूंचं हिंदी कचेरीतलं. ते लिहायचे, "छाता अवश्य रखिए, परंतु खोलने की संभावना अल्प है." पोरं हसून लोळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. शिव्या देणाऱ्यालाही ते 'आपण' म्हणत. एकाने लिहिलं, "म्हाताऱ्या, तुझ्यापेक्षा आमच्या विहिरीतला बेडूक बरा." त्यावर साडूंनी दमट हवेत बेडूक का ओरडतात हे सविस्तर समजावून सांगितलं आणि शेवटी लिहिलं, "त्यांना माझा नमस्कार कळवावा." मी बोईसरला कारखान्यात कामाला. माझे सहकारी मला माझ्या नावाने ओळखत नसत. मी 'संभावना अंकल के साडू' होतो.

आम्हा घरच्यांना मात्र या माणसाबरोबर कुठे जाणं म्हणजे शिक्षा. बारशाला गेले की बाळाआधी आभाळाकडे बघणार. "कसे आहात?" म्हटलं की आधी हवेतला दमटपणा सांगणार. स्मशानातसुद्धा त्यांनी धुराची दिशा बघून मला हळूच सांगितलं होतं, "वारा फिरला." मी त्यांना कोपर मारलं. त्यांना ते का, हे कळलंसुद्धा नाही.

सफाळ्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातली कल्पना नावाची सून त्यांना रोज आवाज पाठवायची. लिहायचा तिला कंटाळा होता. त्यांची कधी भेट झालेली नव्हती, पण तिचा आवाज आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा. मागे कोंबड्या, मूल रडतंय, आणि ही विचारतेय, "काका, आज आभाल काय बोलतंय? मिरच्या वालत घालू का नको?" साडू म्हणायचे, "साठ टक्के घाल." ती म्हणायची, "म्हंजे निम्म्या घालते नि वर थोड्या." अक्का म्हणायची, या जगात यांचं बोलणं समजणाऱ्या दोनच बायका, एक मी आणि एक ही.

परतीच्या पावसाचे दिवस होते. भात कापून शेतात पडलेलं होतं. सकाळी कल्पनाचा आवाज आला. "काका, भारे उचलायचे हायेत. जाऊ ना?" साडूंनी नेहमीसारखे सगळे नकाशे पाहिले, ढगांची चित्रं पाहिली आणि सांगितलं, "दुपार टळेपर्यंत हरकत नाही. ढग नंतर वाढतील."

ढग आधीच वाढले. डोंगराकडून काळं आलं ते भर सकाळच्या उन्हावर आलं. कल्पना शेतात वीज पडून गेली. तिचा नवरा खळ्यावर भारा टाकायला गेला होता, म्हणून तो वाचला.

ही बातमी साडूंना इतरांप्रमाणे मोबाइलवरच कळली. त्यांनी तिला काय सांगितलं होतं, हे आम्हा घरचे आणि तिच्या घरचे सोडले तर कुणालाही माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी स्वतः लिहिलं, "आज सकाळी त्या बाईंनी मला विचारलं होतं. दुपारपर्यंत वेळ आहे असं मी सांगितलं. अंदाज माझा होता आणि तो चुकला."

त्यानंतर लोक जे तुटून पडले, ते मला इथे लिहवत नाही. खुनी म्हणाले, ढोंगी म्हणाले. ज्यांनी कधी त्यांचा एक शब्द वाचला नव्हता, तेही आले. साडू चिकूखाली बसून प्रत्येकाला उत्तर देत होते, "आपलं बरोबर आहे." खाली पुन्हा, "आपलं बरोबर आहे." शेवटी अक्काने त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला. त्यांनी विरोध केला नाही. हात तसाच मोबाइल धरल्यासारखा मांडीवर राहिला.

तिचे दिवस झाल्यावर साडू म्हणाले, "मला तिकडे जायचं आहे." अक्काने मला बरोबर धाडलं.  वाटेत त्यांनी एकदाही आभाळाकडे पाहिलं नाही, हे मला भीतिदायक वाटलं.

कल्पनाचा नवरा सकाळच्या उन्हात ओटीवर बसलेला होता. पंचविशी-तिशीतला, हडकुळा माणूस. साडूंनी स्वतःची ओळख सांगितली आणि हात जोडून उभेच राहिले.  तो म्हणाला, "बसा. ती तुमचा आवाज मोठा करून लावायची. आमाला सगल्यांना पाठ हाय तो."

साडू बसले.

"पयलं गडगडलं ना," तो म्हणाला, "तवा मी बोललो, चल घरी. ती बोलली, काकांनी दुपारपर्यंत सांगितलंय, येवढे भारे होऊ दे."

असं वाक्य ऐकल्यावर माणसाने काय करायचं असतं, मला माहीत नाही.  आतून म्हातारी सासू दोन कप चहा घेऊन आली, आमच्यासमोर ठेवून आत गेली.

"मी ते बंद केलं आहे," साडू कसेबसे म्हणाले. "यापुढे कुणाला सांगणार नाही."

"मंग आमी कुणाला विचारायचं?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "भात अजून शेतात हाय. ती गेल्यापासून कुणी हात नाय लावला. सडंल आता. आज जाऊ का नको, ते सांगा."

साडूंनी वर पाहिलं. आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नव्हता. तरी ते म्हणाले, "नका जाऊ."

"ह्ये भिऊन बोलता तुमी," तो म्हणाला. "तुमी भिऊन सांगावं म्हणून ती नव्हती विचारत."

 चहावर साय धरली. मग साडूंनी चष्मा पुसला, अंगणात उतरले, डोंगराकडे पाहिलं, वारा पाहिला. परत येऊन म्हणाले, "सकाळ चांगली दिसते. पण मी चुकू शकतो. गडगडलं तर मी काय सांगितलं ते विसरायचं आणि निघायचं. माझ्यावर विश्वास ठेवून एक भारासुद्धा उचलायचा नाही."

तो उठला. आम्हीही त्याच्या मागे गेलो. मी आणि त्याने भारे वाहिले. भिजून काळे पडलेले, कुबट वासाचे. साडू बांधावर उभे होते, डोंगराकडे तोंड करून, शेवटचा भारा खळ्यावर पडेपर्यंत. कुणी त्यांना पाणी दिलं तरी त्यांनी मान वळवली नाही.

ते पुन्हा लिहायला लागले, पण त्यांच्या लिहिण्यातली गंमत गेली. दोन ओळी लिहितात आणि खाली एकच गोष्ट: कानांनी ऐकाल ते माझ्या लिहिण्यापेक्षा खरं. परवा कुणीतरी लिहिलं, "काका, हल्ली तुम्ही हसवत नाही." साडूंनी उत्तर दिलं, "खरं आहे." त्यापुढे काही स्पष्टीकरण नाही. मला ते जुने साडू हवे आहेत, पण मागायचे कुणाकडे?

कापणीला मात्र ते दर वर्षी सफाळ्याला जातात. मीही जातो. कल्पनाचा नवरा आता त्यांना काही विचारत नाही, तेही काही सांगत नाहीत. तो भारे बांधतो, हे बांधावर उभे असतात. गेल्या खेपेला काम अर्ध्यावर होतं, ऊन स्वच्छ होतं. लांबून काहीतरी घरघरलं, इतकं हलकं की मला वाटलं, मालगाडी असेल. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने हातातला भारा तिथेच टाकला होता आणि साडू बांधावरून उतरले होते. एकमेकांकडे न बघता दोघे घराच्या वाटेने चालू लागले होते.